काठी हातात होती, लांबी ठाऊक नव्हती

साडेसाती हा शब्द मराठी घरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शनी एका राशीत सरासरी अडीच वर्षे राहतो. आपल्या चंद्रराशीच्या आधीची रास, चंद्ररास आणि तिच्या पुढची रास, अशा तीन राशी ओलांडायला त्याला साडेसात वर्षे लागतात. त्याने कुणाचे भले-बुरे होते यावर माझा विश्वास नाही. पण शेकडो वर्षे आकाशाकडे बघून मिळवलेला एक आकडा या शब्दात जपला गेला आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. राशी बारा, प्रत्येकीत अडीच वर्षे, म्हणजे शनीची एक फेरी तीस वर्षांची.

गुरूचेही तसेच. तो साधारण वर्षाला एक रास पुढे सरकतो. बारा वर्षांनी पुन्हा सिंहेत येतो, तेव्हा नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो.

आता एवढ्याच माहितीवर एक गणित करून बघा. गुरूची १२ वर्षे घ्या. १२ चा वर्ग १४४. कोणत्या संख्येचा घन १४४ येईल? ५ चा घन १२५, म्हणजे ती संख्या पाचाहून थोडी मोठी. नेमकी काढली तर ५.२४. शनीची ३० वर्षे घ्या. वर्ग ९००, त्याचे घनमूळ ९.६५. या दोन संख्यांचा अर्थ असा: पृथ्वी सूर्यापासून जेवढी दूर आहे, त्याच्या सुमारे सव्वापाच पट दूर गुरू आहे आणि साडेनऊ पटींहून थोडा अधिक दूर शनी आहे. आजच्या यानांनी आणि रडारनी मोजलेला गुरूचा आकडा ५.२ आहे, आणि शनीचा साडेनऊच्या किंचित वर. पंचांगातली ढोबळ वर्षे घेऊनही आपण इतके जवळ पोहोचलो.

हा नियम जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरचा. त्याने तो १६१९ साली प्रसिद्ध केला: ग्रहाला सूर्याभोवती फिरायला लागणाऱ्या वर्षांचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाइतका असतो. अट एकच. अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे नाही, पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत मोजायचे.

आजच्या सगळ्या लेखाचा विषय ही अट आहे. सूर्यमालेतली अंतरे ज्या एककात मांडतात, त्याचे नाव 'खगोलीय एकक'. पाठ्यपुस्तकात त्याची ओळख साधारण अशी असते: अंतरे फार मोठी, किलोमीटरमध्ये लिहिताना शून्ये वाढतात, म्हणून सोयीसाठी पृथ्वी-सूर्य अंतराला १ मानतात. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. हे एकक शून्ये वाचवायला जन्मलेले नाही. ते जन्मले, कारण किलोमीटर किती हे कुणाला सांगताच येत नव्हते.

शिवकाळात जमीन काठीने मोजत. पाच हात आणि पाच मुठी अशी काठीची लांबी सांगितली जाते. हात कुणाचा धरला, त्यावर काठी थोडी इकडेतिकडे होणारच. पण एकाच काठीने सगळे शिवार मोजले की वाटणी चोख होते: याचे शेत वीस काठ्या, त्याचे तीस. काठी फुटात किंवा मीटरमध्ये किती, हे माहीत नसले तरी कोणाचे शेत किती पट मोठे ते पक्के कळते. केप्लरनंतर सूर्यमालेची अवस्था अगदी अशी झाली. बुध ०.३९ काठी, शुक्र ०.७२, पृथ्वी १, मंगळ १.५२, गुरू ५.२, शनी साडेनऊ. नकाशा सुंदर तयार होता, कोपऱ्यात प्रमाणपट्टी तेवढी नव्हती. ती काठी स्वतः किती लांब आहे, हे खात्रीने सांगता यायला १९६१ साल उजाडावे लागले.

जुने अंदाज

प्रयत्न त्याआधीही झाले होते. ग्रीक खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सूर्याचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या १,२१० पट सांगितले, आणि युरोप व अरबी जगात जवळजवळ चौदाशे वर्षे तोच आकडा थोड्याफार फरकाने चालला. खरा आकडा सुमारे २३,५०० पट आहे.

आपल्याकडच्या सूर्यसिद्धांत या जुन्या खगोलग्रंथात अंतरासाठी योजने येतात. पृथ्वीचा व्यास १,६०० योजने, चंद्राची कक्षा ३,२४,००० योजने आणि सूर्याची ४३,३१,५०० योजने. एक योजन म्हणजे किती किलोमीटर, यावर विद्वानांत वाद आहेत. पण आपण पृथ्वीच्याच त्रिज्येने भागले तर तो वाद मध्ये येत नाही. चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६४ पट निघते. आजचा आकडा ६० आहे. नुसत्या डोळ्यांनी केलेल्या निरीक्षणांवर उभे असलेले हे गणित थक्क करणारे आहे. सूर्याचे अंतर मात्र ८६० पटींच्या आसपास निघते, म्हणजे खऱ्याच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट कमी.

एक आकडा इतका बरोबर आणि दुसरा इतका चुकलेला, असे का झाले? सूर्यसिद्धांताचे गृहीतक असे की सगळे ग्रह रोज सारखीच योजने चालतात. ज्याची फेरी लांब, त्याला वेळ जास्त. मग वेळ जेवढ्या पट, अंतर तेवढ्याच पट. सूर्याला राशिचक्र फिरायला चंद्राच्या १३.३७ पट दिवस लागतात, म्हणून त्याची कक्षाही १३.३७ पट. वरचे दोन आकडे भागून बघा, नेमके हेच उत्तर येईल. याच हिशेबाने गुरू सूर्याच्या बारा पट दूर जातो. केप्लरचे उत्तर सव्वापाच. फरक इथे आहे: दूरच्या ग्रहाचा रस्ता लांब असतो आणि तो चालतोही हळू. वेळ दोन्ही कारणांनी वाढतो.

काठी मोजायची कशी

हात लांब करून अंगठा धरा आणि एकेक डोळा मिटून बघा. मागच्या भिंतीच्या तुलनेत अंगठा सरकलेला दिसतो. दोन डोळ्यांतले अंतर माहीत असेल आणि अंगठा किती सरकला तो कोन मोजला, तर अंगठा किती लांब आहे हे काढता येते. याला पराशय म्हणतात. चंद्रासाठी दोन डोळ्यांच्या जागी पृथ्वीवरची दोन दूरची ठिकाणे घेतली की काम होते.

सूर्यासाठी मात्र अडचण आहे. पृथ्वीच्या त्रिज्येएवढे अंतर सरकून सूर्याकडे बघितले तर तो फक्त ८.८ विकला सरकतो. एक अंश म्हणजे ३,६०० विकला. एक सेंटीमीटरचा काबुली चणा २३५ मीटरवर ठेवला तर तो जेवढा दिसेल, तेवढा हा कोन. शिवाय सूर्य डोळे दिपवतो, त्याच्यामागे तारे दिसत नाहीत, म्हणजे अंगठ्यामागची भिंतच नाही.

यातून सुटायला केप्लरचा नकाशा उपयोगी पडला. नकाशातली सगळी अंतरे एकाच काठीत आहेत, तर कुठलेही एक अंतर किलोमीटरमध्ये मोजा, बाकीची आपोआप मिळतील. सूर्याकडे बघायलाच नको. शेताच्या एका बांधाची लांबी मीटरमध्ये मिळाली की काठी किती ते कळते, आणि मग सगळे शिवार मीटरमध्ये.

१६७२ साली मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला होता. जाँ रिशे फ्रान्समधून निघून दक्षिण अमेरिकेत काएनला गेला, जोव्हानी कासिनी पॅरिसमध्ये राहिला, आणि दोघांनी ताऱ्यांच्या तुलनेत मंगळाची जागा मोजली. त्यावरून सूर्याचे अंतर सुमारे १४ कोटी किलोमीटर निघाले. खरे अंतर १४ कोटी ९६ लाख. मोजणीतली संभाव्य चूक मोठी होती, उत्तर इतके जवळ येण्यात नशिबाचाही वाटा होता. पण सूर्य टॉलेमीच्या आकड्यापेक्षा कितीतरी पट दूर आहे, हे त्या मोजणीने दाखवले.

पुढची कल्पना एडमंड हॅली याची. त्याने १७१६ साली सुचवले की शुक्र सूर्यबिंबावरून जाताना दिसतो, तेव्हा तो पृथ्वीच्या दूरदूरच्या ठिकाणांहून बघावा. उत्तरेकडचा माणूस आणि दक्षिणेकडचा माणूस यांना शुक्राचा ठिपका सूर्यावरून थोड्या वेगळ्या रेषेत जाताना दिसेल. एक रेषा लांब, एक आखूड. म्हणून ठिपका ओलांडून जाण्याचा वेळ वेगळा. कोन मोजणे अवघड, पण घड्याळ लावणे सोपे. हॅलीने कोनाचा प्रश्न वेळेचा करून टाकला. तो १७४२ साली वारला. शुक्राचे असे सूर्यबिंबावरून जाणे म्हणजे अधिक्रमण. ती येणार होती १७६१ आणि १७६९ मध्ये. आपण बघणार नाही हे माहीत असून त्याने पुढच्या पिढीसाठी पद्धत लिहून ठेवली.

त्या दोन अधिक्रमणांसाठी माणसे जगभर गेली. कॅप्टन कुक १७६९ मध्ये ताहितीला होता, तो याच कामासाठी. पण माझे मन दर वेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गिओम ल जांतीपाशी थांबते. तो १७६० मध्ये फ्रान्समधून पाँडिचेरीला यायला निघाला. वाटेतच कळले की पाँडिचेरी इंग्रजांनी घेतली आहे. ६ जून १७६१ ला आकाश निरभ्र होते, शुक्र सूर्यावरून गेला, आणि ल जांती हिंदी महासागरात हलत्या जहाजावर होता. डुलणाऱ्या जहाजावर लंबकाचे घड्याळ चालत नाही आणि आपण नेमके कुठे आहोत हेही कळत नाही, त्यामुळे ते निरीक्षण वाया गेले. परत न जाता तो पुढच्या अधिक्रमणासाठी आठ वर्षे याच भागात थांबला. पाँडिचेरी फ्रेंचांकडे परत आली, तिथे त्याने वेधशाळा उभारली. जून १७६९ च्या त्या पहाटे ढग आले आणि अधिक्रमण संपल्यावर सूर्य स्वच्छ दिसला. १७७१ मध्ये तो घरी पोहोचला तेव्हा त्याला मृत धरून मालमत्तेची वाटणी सुरू झाली होती आणि फ्रेंच विज्ञान अकादमीतली त्याची जागा दुसऱ्याला दिली गेली होती. खगोलीय एकक हा पुस्तकातला कोरडा आकडा आहे असे कुणी म्हटले की मला हा माणूस आठवतो.

इतर ठिकाणची निरीक्षणे एकत्र करून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लालांदने १७७१ मध्ये सुमारे १५ कोटी ३० लाख किलोमीटर हे उत्तर दिले. चूक दोन-सव्वादोन टक्क्यांची. यापेक्षा बारीक जमेना, याचे कारण शुक्र सूर्याच्या कडेला टेकतो तेव्हा त्याचा काळा ठिपका कडेला चिकटल्यासारखा लांबट दिसतो, थेंब सुटायच्या आधी ताणला जातो तसा. नेमका कोणत्या सेकंदाला तो सुटला, यावर शेजारी उभ्या असलेल्या दोन निरीक्षकांचेही एकमत होत नसे. ८ जून २००४ चे अधिक्रमण भारतातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसले. तेव्हा चष्म्याच्या काळ्या काचेतून तो ठिपका बघताना मलाही तो क्षण नेमका पकडता आला नाही. आता पुढची संधी डिसेंबर २११७ मध्ये आहे.

नंतर शुक्राऐवजी एरॉस नावाचा लघुग्रह वापरला. तो १८९८ मध्ये सापडला, पृथ्वीच्या खूप जवळ येतो आणि दुर्बिणीत ताऱ्यासारखा बारीक बिंदू दिसतो, म्हणून त्याची जागा नेमकी मोजता येते. १९३०-३१ च्या त्याच्या फेरीत जगभरातल्या वेधशाळांनी घेतलेली छायाचित्रे हॅरॉल्ड स्पेन्सर जोन्सने दहा वर्षे खपून तपासली आणि ८.७९० विकला हा पराशय काढला. चूक दहा हजारांत सुमारे पाच एवढी कमी झाली. अंतरात मांडली तर मात्र ती सुमारे ७० हजार किलोमीटर भरते.

१९६१ च्या वसंतात कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन येथून शुक्राकडे रेडिओ लहरी पाठवल्या गेल्या. शुक्र सर्वांत जवळ असतो तेव्हा तो सुमारे सव्वाचार कोटी किलोमीटरवर असतो. लहर जाऊन, आपटून, परत यायला पावणेपाच मिनिटे लागतात. प्रकाशाचा वेग माहीत आहे, वेळ घड्याळाने मोजली, गुणाकार करून निम्मे केले की अंतर. कोन नाही, ढग नाहीत, चिकटणारा थेंब नाही. एका बांधाची लांबी मिळाली आणि काठीची लांबी ठरली. चूक एकदम हजार किलोमीटरच्या घरात आली. पुढच्याच वर्षी १४ डिसेंबर १९६२ ला मरिनर २ हे अमेरिकी यान शुक्राजवळून सुमारे ३५ हजार किलोमीटरवरून गेले. जुन्या काठीतली ७० हजार किलोमीटरची चूक आणि हे ३५ हजार किलोमीटर शेजारी ठेवून बघा, म्हणजे रडारची मोजणी आधी होणे किती गरजेचे होते ते कळते.

मग काठी मोडून पट्टी झाली

तरीही व्याख्या जुनीच होती. १९७६ पासून खगोलीय एकक हे सूर्याच्या गुरुत्वाकर्षणावरून आणि गाउसच्या एका स्थिरांकावरून ठरत असे. म्हणजे मुळात केप्लरचाच नियम, काटेकोर करून मांडलेला. मीटरमधली लांबी दर वेळी मोजून काढावी लागे, आणि मोजमाप सुधारले की आकडा बदले. त्यात आणखी एक खोच होती. सूर्य सेकंदाला चाळीस लाख टनांहून अधिक वस्तुमान प्रकाशाच्या रूपाने गमावतो. वस्तुमान कमी होते म्हणून गुरुत्वाकर्षण कमी होते, आणि त्यावर बांधलेली काठीही अगदी सूक्ष्म का होईना, बदलत राहते. बदलणारी काठी कोण वापरेल?

ऑगस्ट २०१२ मध्ये बीजिंगला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या अधिवेशनात ठराव झाला: एक खगोलीय एकक म्हणजे १,४९,५९,७८,७०,७०० मीटर. बरोबर एवढेच, चुकीला जागा नाही, कारण आता हा मोजलेला आकडा राहिला नाही, ठरवलेला आकडा झाला. पृथ्वीशी त्याचे नातेही औपचारिकरीत्या सुटले. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्यापासून १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि जुलैच्या सुरुवातीला १५ कोटी २१ लाखांवर. म्हणजे कडाक्याच्या थंडीत आपण सूर्याच्या अधिक जवळ असतो. एकक या दोन्हींच्या मधोमध, पण ते आता पृथ्वीकडे बघून ठरत नाही.

रोजच्या वापराला पंधरा कोटी किलोमीटर हा आकडा पुरेसा आहे. भारताच्या आदित्य-एल१ यानाचे उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेले हे यान जानेवारी २०२४ मध्ये आपल्या जागी पोहोचले. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर. पंधरा कोटींपैकी पंधरा लाख, म्हणजे ०.०१ एकक, रस्त्याचा शंभरावा भाग. 'सूर्याकडे झेपावले' असे मथळे आपण वाचले, पण यान सूर्याजवळ गेलेले नाही. ते अशा जागी थांबले आहे जिथून सूर्य सतत, ग्रहणाविना दिसतो. हे एका दशांश अपूर्णांकातून जितके लख्ख कळते तितके किलोमीटरमधून कळत नाही.

हाकेचे अंतर

पण सगळीकडे हीच काठी चालत नाही. माणूस कापड मीटरवर घेतो, फुले परडीने, दूध लिटरवर. सूर्यमालेतही कामाप्रमाणे माप बदलते.

पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांसाठी चंद्राचे अंतर हे माप सोयीचे, ३,८४,४०० किलोमीटर म्हणजे १. अपोफिस हा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ ला पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे. चंद्राच्या अंतराच्या दहाव्या भागाहूनही कमी, असे म्हटले की चित्र डोळ्यांसमोर येते. ०.०००२ खगोलीय एकक म्हटले तर काहीच येत नाही.

उपग्रहांसाठी ग्रहाची त्रिज्याच वापरतात, आणि त्यामागे नुसती सोय नाही. गुरूचा उपग्रह आयो गुरूपासून ४,२२,००० किलोमीटरवर आहे, जवळजवळ आपल्या चंद्राइतकाच. पण आपला चंद्र पृथ्वीच्या ६० त्रिज्यांवर आहे आणि आयो गुरूच्या फक्त ५.९ त्रिज्यांवर. किलोमीटर सारखे, परिस्थिती पूर्ण वेगळी. गुरूचे चुंबकीय क्षेत्र आणि त्याची ओढ आयोला कशी पिळून काढते, तिथे ज्वालामुखी का धगधगत असतात, हे त्रिज्यांत मोजले की लक्षात येते. सूर्याजवळही तसेच: नासाचे पार्कर यान २४ डिसेंबर २०२४ ला सूर्याच्या केंद्रापासून दहा सौर त्रिज्यांच्या आत गेले.

यानाशी बोलणाऱ्या लोकांचे माप मात्र वेळेचे असते. 'हाकेच्या अंतरावर' हा आपला शब्द त्याला चपखल बसतो. गाव किती लांब, तर हाक पोहोचेल एवढे. अवकाशात हाक रेडिओ लहरींची, आणि ती सेकंदाला जवळपास तीन लाख किलोमीटर जाते. चंद्र १.३ सेकंदांवर, सूर्य ८ मिनिटे १९ सेकंदांवर. एक खगोलीय एकक म्हणजे ४९९ प्रकाशसेकंद, हे एकच रूपांतर लक्षात ठेवले की पुरते, गुरू ५.२ तर त्याला ५०० ने गुणा, २,६०० सेकंद, सूर्यापासून गुरूपर्यंत प्रकाशाला ४३ मिनिटे.

२४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान मंगळापाशी पोहोचले, तेव्हा मंगळ आपल्यापासून सुमारे २२ कोटी ४० लाख किलोमीटरवर होता. हाक पोहोचायला साडेबारा मिनिटांच्या आसपास. बंगळुरूतून 'इंजिन सुरू कर' म्हणून ऐनवेळी सांगणे शक्यच नव्हते. सगळ्या आज्ञा आधीच यानात भरून ठेवल्या होत्या आणि यानाने ते काम एकट्याने केले. आपल्या पुणे जिल्ह्यातही असाच एक प्रसंग घडला. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचा शियापारेली हा अवतरक मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने टिपला. मंगळ तेव्हा पावणेदहा प्रकाशमिनिटांवर होता. संदेश मध्येच थांबला. खोडदला तो थांबल्याचे कळले, त्याआधी जवळपास दहा मिनिटे तिकडे जे व्हायचे ते होऊन गेले होते. अवतरक मंगळावर आदळला होता. प्रकाशमिनिट हे माप इथे अंगावर येते.

प्रकाशवर्ष सूर्यमालेत निरुपयोगी आहे, नेपच्यून ०.०००५ प्रकाशवर्षांहूनही जवळ. ते ताऱ्यांचे माप. (आणि 'अनेक प्रकाशवर्षांपूर्वी' असे कृपा करून कुणी लिहू नये. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नाही.) पण ताऱ्यांचे जे दुसरे माप, पार्सेक, ते आपल्या काठीवरच उभे आहे. एक खगोलीय एकक जिथून एका विकलेएवढे दिसेल, ते अंतर एक पार्सेक. ताऱ्यांची अंतरे पृथ्वीच्या कक्षेच्या दोन टोकांवरून, सहा महिन्यांच्या अंतराने बघून काढतात. तिथे आपले दोन डोळे दोन खगोलीय एककांवर असतात. काठी चुकली असती तर प्रत्येक ताऱ्याचे किलोमीटर चुकले असते.

हे सगळे एकदा जमिनीवर मांडून बघा. एका एककाला एक मीटर माना. सूर्य म्हणजे नऊ मिलिमीटरचा काबुली चणा. पृथ्वी एक मीटरवर, रव्याच्या कणाहूनही लहान. गुरू सव्वापाच मीटरवर, नेपच्यून तीस मीटरवर. सूर्यमालेतले आठही ग्रह चाळीच्या अंगणात मावले. प्रकाशवर्ष ६३ किलोमीटर होते. आणि सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा? तो २६८ किलोमीटरवर. चणा पुण्यात ठेवला तर दुसरा तारा सोलापूर ओलांडून पुढे, आणि मध्ये जवळजवळ मोकळे रान.

या अंगणात माणसाने सर्वांत दूर पाठवलेली वस्तू म्हणजे १९७७ साली निघालेले व्हॉयेजर १. ज्या ऑगस्ट २०१२ मध्ये बीजिंगला खगोलीय एककाची व्याख्या बदलली, त्याच महिन्यात हे यान सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरले, सुमारे १२२ एककांवर. ते वर्षाला ३.६ एकके पुढे जाते. नोव्हेंबर २०२६ च्या मध्यावर पृथ्वीपासून त्याचे अंतर एक प्रकाशदिवस भरते, म्हणजे १७३ एकके. सोमवारी सकाळी हाक मारली तर ती मंगळवारी सकाळी तिथे पोहोचणार, आणि 'ओ' यायला बुधवारची सकाळ. त्याच्या अंतराचे दोन आकडे वेगवेगळे नोंदवतात, सूर्यापासूनचा आणि पृथ्वीपासूनचा. सूर्यापासूनचा सतत वाढतो. पृथ्वीपासूनचा मात्र दर वर्षी काही महिने चक्क कमी होतो, कारण त्या दिवसांत आपली पृथ्वी सूर्याभोवती फिरताना त्याच्या दिशेने, त्याच्याहून अधिक वेगाने धावत असते.